प्रायमरीत मत कुणाला द्यायचं, मनातल्याला की जिंकेल त्याला?

सायली_फ्रीमाँट
१२ फेब्रुवारी २०२०

गेल्या वर्षी ओकलंडला शपथ घेतली आणि एकदाची सिटिझन झाले. शपथविधी आटोपून बाहेर आलं की मतदार नोंदणीवाले टेबल मांडून बसलेलेच असतात, तिथल्या तिथे फॉर्म भरला. पक्ष कुठला विचारलं होतं, मी 'कुठलाच नाही'वर खूण केली. आता ३ मार्चच्या प्रायमरीची (पक्षाचा उमेदवार ठरवायच्या मतदानाची) मतपत्रिका पोस्टाने घरी आलीये, सोबत ही जाडजूड पुस्तिका. मतपत्रिकेवर जज आहेत, काँग्रेसचे (म्हणजे इथल्या संसदेचे) उमेदवार आहेत, शाळांसाठी १५ अब्जांच्या कर्जरोख्यांचं प्रपोझिशन १३ (लोकांनी थेट मत द्यायचा प्रस्ताव) आहे, आणि ज्याच्यासाठी एवढा जीव टाकला तो राष्ट्राध्यक्षाचा रकानाच नाही! माझीच पत्रिका अर्धी छापली की काय?

हा झाला पहिला प्रश्न. दुसरा जरा मोठा आहे. मला डेमोक्रॅटांमधली वॉरन आवडते. नवरा म्हणतो आयोवात ती तिसरी आली, काल न्यू हॅम्पशायरात चौथी, तिला मत म्हणजे मत पाण्यात, ट्रम्पला पाडू शकेल असा माणूस बघ, ब्लूमबर्ग बघ. मी म्हणते नोव्हेंबरात जो कोण असेल त्याला नाक दाबून द्यायचंच आहे, मग आत्ता तरी मनासारखं देऊ नये का? यावरून आमच्याकडे रोज रात्री जेवताना डिबेट चालतं, मॉडरेटर नाही त्यामुळे वेळेचं बंधन नाही.

तुम्ही मंडळी कसं ठरवता? कुणाला द्या ते नका सांगू, कसं ठरवता ते सांगा. (सांगणारच आहात म्हणा.)

चकली_वाकडी
१२ फेब्रुवारी

पॉपकॉर्न घेऊन बसले आहे. ट्रम्प हा शब्द आला म्हणजे धागा शंभरी गाठतोय.

बंड्या_बे_एरिया
१२ फेब्रुवारी

सायली, पत्रिका पूर्णच आहे. तू पक्ष नोंदवला नाहीस म्हणून राष्ट्राध्यक्षाचा रकाना नाही. कॅलिफोर्नियात बिनपक्षाच्या मतदाराला डेमोक्रॅट, लिबर्टेरियन किंवा अमेरिकन इंडिपेंडंट यापैकी एका पक्षाची पत्रिका मागून घेता येते, पण मागावी लागते, आपणहून कुणी पाठवत नाही. काउंटीला फोन कर किंवा ईमेल कर, नवीन येईल. नाहीतर आहे ती मतदानाच्या दिवशी घेऊन जा आणि तिथे बदलून घे. आलेली फाडून टाकू नकोस. रिपब्लिकन मात्र बाहेरच्याला घेत नाहीत, त्यांच्या प्रायमरीत मत द्यायचं तर त्या पक्षात नोंदणी पाहिजे.

आणि नवीन लोकांनो, फॉर्मवरच्या 'अमेरिकन इंडिपेंडंट'च्या नादी लागू नका. माझ्या मेव्हण्याने आपण इंडिपेंडंट आहोत असं समजून तिथे खूण केली होती. तो एक वेगळा पक्ष आहे, १९६८ साली जॉर्ज वॉलेस ज्या पक्षातर्फे उभा होता तो! वॉलेस म्हणजे काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत येऊ देणार नाही म्हणून अडून बसलेला अलाबामाचा गव्हर्नर. मेव्हणा अजून तोंड लपवतो.

दोन: हे प्रॉप १३ म्हणजे १९७८ चं घरपट्टीवालं प्रॉप १३ नव्हे. आकडा योगायोगाने तोच आलाय. ऑफिसात निम्मे लोक आपली घरपट्टी वाढणार म्हणून घाबरलेत.

शनिवारपेठी
१३ फेब्रुवारी

पुण्यात बसून एक बाळबोध शंका. पक्षाचा उमेदवार लोकांनी ठरवायचा तर मग पक्षश्रेष्ठी काय करतात? आमच्याकडे तिकिटं वरून येतात, आम्ही फक्त बटण दाबतो. आणि गेल्या नोव्हेंबरपासून तर बटण कुणाचं दाबलं आणि सरकार कुणाचं आलं याचाही संबंध राहिलेला नाही. पहाटेच्या शपथविधीची सोय आहे का तुमच्या घटनेत?

तर्कटराव
१३ फेब्रुवारी

@शनिवारपेठी, शंका बाळबोध नाही. इथेही पूर्वी तिकीट वरूनच यायचं. १९६८ मध्ये ह्युबर्ट हम्फ्री एकाही प्रायमरीत न उतरता डेमोक्रॅटिक उमेदवार झाला. यूजीन मॅकार्थी आणि रॉबर्ट केनेडी राज्याराज्यांत फिरून मतं मिळवत होते, त्यात जूनमध्ये केनेडीचा खून झाला, आणि ऑगस्टात शिकागोच्या अधिवेशनात पुढाऱ्यांनी हम्फ्रीला उभा केला. बाहेर रस्त्यावर पोलीस पोरांना बडवत होते ते टीव्हीवर सगळ्या देशाने पाहिलं. मग नोव्हेंबरात निक्सन आला. त्या नाचक्कीनंतर मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोग नेमला आणि अधिवेशनात मत देणारे प्रतिनिधी लोकांमधून निवडायचे नियम झाले. आणि १९७२ ला उमेदवार कोण झाला, तर आयोगाचा अध्यक्ष मॅकगव्हर्न स्वतःच. पडला तोही, ५० पैकी ४९ राज्यांत.

आयोवा पहिलं येतं तेही त्याच १९७२ पासून. १९७६ साली जिमी कार्टरने आयोवा जिंकलं असं सगळे सांगतात, पण तिथे पहिला नंबर 'अजून कुणीच ठरलेलं नाही' या पर्यायाचा होता, कार्टर दुसरा. सायलीताई, तुमच्यासारखे लोक तेव्हाही बहुमतात होते!

श्रेष्ठी पूर्ण गेलेले नाहीत. सुपरडेलिगेट्स (निवडून न येता प्रतिनिधी असलेले पक्षाचे पुढारी) आहेत, पण २०१६ च्या भांडणानंतर पहिल्या फेरीत त्यांना मत नाही. ३९७९ निवडलेले प्रतिनिधी, त्यातले १९९१ ज्याच्याकडे तो उमेदवार. शपथविधी मात्र २० जानेवारीला भर दुपारी, सगळ्यांसमोर.

खडूस_काका
१३ फेब्रुवारी

आम्ही एडिसन, न्यू जर्सीवाले शेवटच्या पंगतीचे. २ जूनला प्रायमरी. तोवर जिलबी संपलेली असते, मठ्ठा पातळ झालेला असतो आणि यजमान खरकटं काढायच्या घाईत असतात. २००८ ला एकदा फेब्रुवारीत घेतली होती तेवढीच काय ती चव लागली. इतकी वर्षं या देशात मत देतोय, पण माझ्या प्रायमरीच्या मताने कधी काही ठरल्याचं आठवत नाही. तरीही दर वेळी जातो. तुम्हाला ३ मार्चला मत आहे आणि वर तुम्ही 'कसं ठरवू' म्हणून रडताय!

मक्याचं_कणीस
१४ फेब्रुवारी

मी आयोवाची. ३ तारखेला कॉकसला (आमच्याकडे प्रायमरीऐवजी असते ती सभा) गेले होते. टीव्हीवर ॲप बंद पडलं, फोन लागेनात एवढंच दाखवलं, आत काय चालतं ते सांगते.

आमचं कॉकस शाळेच्या जिममध्ये. संध्याकाळी सातच्या आत रांगेत पाहिजे. भिंतीला एकेका उमेदवाराचे बोर्ड, आपापल्या बोर्डाखाली जाऊन उभं राहायचं, सगळ्यांच्या देखत. शेजारीण वॉरनकडे, तिचा नवरा बुटिजजकडे, आमचा डेंटिस्ट बर्नीकडे (मला वाटलं नव्हतं). मी क्लोबुशारकडे. मोजणी झाली, पंधरा टक्क्यांना आम्ही थोडेसे कमी पडलो. पंधरा टक्के नसले की गट बाद, मग एकतर दुसऱ्या गटात जायचं नाहीतर घरी. ज्यांचे पंधरा झाले ते अडकले, त्यांना हलता येत नाही. मग जी ओढाओढ सुरू झाली! बुटिजजवाली एक कॉलेजची पोरगी हातात कुकीजचा डबा घेऊन आली. बायडनवाले आजोबा म्हणाले आमच्याकडे खुर्च्या आहेत. डोक्यावर 'मॅथ' लिहिलेली टोपी घातलेला यांगचा एक मुलगा आमच्याकडेच तीन जणांना घेऊन येतो म्हणाला आणि आम्ही तरलो.

मला त्यात एक गोष्ट फार आवडली. गट बाद झाला की दुसरी पसंती ठरवावी लागते, तीही सगळ्यांच्या देखत. 'वॉरन नाही तर कोण' हे ज्याला सांगता आलं त्याने खरा विचार केलाय असं समजायचं. सायली, तू ही यादी करून बघ, एक, दोन, तीन. पहिला नंबर ठरवणं सोपं असतं, मला तिसऱ्या नंबराला घाम फुटला.

झणझणीत
१४ फेब्रुवारी

हे आपल्या महाराष्ट्र मंडळात करा. पहिल्या मोजणीनंतर बाद झालेला गट दुसरीकडे जाणार नाही, पार्किंग लॉटमध्ये जाऊन नवीन मंडळ काढेल आणि त्याच शनिवारी त्यांचा वेगळा गणपती.

चकली_वाकडी
१४ फेब्रुवारी

हसून हसून पुरेवाट. आणि दोन्हीकडे सुमधुर कराओके.

ग्रीनकार्डची_वाट
१५ फेब्रुवारी

तुमचं चालू द्या, मी बाहेर काचेला नाक लावून बघतोय. ईबी-२ची (नोकरीवरून मिळणाऱ्या ग्रीनकार्डची) रांग, माझा नंबर लागेपर्यंत पोराची पोरं मत देतील. एकच सांगतो, आपल्यातले जे सिटिझन झालेत ते रांग विसरतात. गेल्या जुलैत देशनिहाय कोटा काढायचं बिल हाऊसमध्ये ३६५ विरुद्ध ६५ ने पास झालं, सिनेटमध्ये अडकून पडलंय. मत देताना हे कुणाला विचारलंत का? की सगळं मेडिकेअर (सरकारी आरोग्यविमा) आणि स्टुडंट लोनवर?

बंड्या_बे_एरिया
१५ फेब्रुवारी

तुझं दुःख कळतं, पण ते राष्ट्राध्यक्षाच्या प्रायमरीत सुटायचं नाही. बिल अडतं सिनेटरपाशी. सायलीच्याच पत्रिकेवर खाली काँग्रेसची जागा आहे. फ्रीमाँटचा बराचसा भाग १७ व्या मतदारसंघात, तिथे रो खन्ना, जो बर्नीच्या प्रचाराचा सहअध्यक्ष आहे. समोर रिपब्लिकन रितेश टंडन. त्या जागेला दोन्ही पक्षांचे उमेदवार एकाच पत्रिकेवर, पहिले दोन नोव्हेंबरात जातात, त्याला पक्षाची अट नाही. लोक वरचा एक गोल भरतात आणि खालचं सोडून देतात. मी उलटा, खालून वर जातो. जज, सुपरवायझर, शाळा, मग शेवटी बर्नी-बायडन.

हरी_ह्यूस्टनकर
१६ फेब्रुवारी

आमच्या टेक्सासात पक्षाची नोंदणीच नाही. जाऊन सांगायचं कुठली पत्रिका पाहिजे, ती देतात. मी रिपब्लिकन (हाउडी मोदीला हजर होतो, आता या अंगावर). ट्रम्पसाहेबांना इथे खरा विरोधकच नाही, साऊथ कॅरोलायना, नेवाडाने तर आपली रिपब्लिकन निवड रद्दच केली यंदा. म्हणून मी यावेळी डेमोक्रॅटची पत्रिका घेऊन बर्नीला मत देणार. बर्नी समोर असला की नोव्हेंबर सोपा. सायलीताई, याला म्हणतात कसं ठरवायचं.

खडूस_काका
१६ फेब्रुवारी

२००८ ला रेडिओवाल्या रश लिम्बॉने हेच केलं होतं, 'ऑपरेशन केऑस'. रिपब्लिकनांनो, हिलरीला मतं द्या म्हणजे त्यांचं भांडण लांबेल. भांडण लांबलं, त्या निमित्ताने ओबामाची माणसं राज्याराज्यात फिरली, संघटना उभी राहिली आणि नोव्हेंबरात त्याचा फायदा झाला. दुसऱ्याच्या घरात साप सोडायला जाणाऱ्याने आपल्या दाराची फट आधी बघावी.

गोदाकाठ
१६ फेब्रुवारी

हरीभाऊ, मी तुमच्याच बाजूची, शुगरलँडची. एक विसरताय. डेमोक्रॅटची पत्रिका घेतलीत की या वर्षापुरते तुम्ही तिकडचे, मे महिन्यात रिपब्लिकन रनऑफ (पहिल्या दोघांची फेरलढत) झाला तर त्यात मत नाही. आणि आपल्याकडे पीट ओल्सन यंदा उभा नाही, जागा रिकामी आहे, रिपब्लिकनांची ही भली मोठी यादी, रनऑफ होणार हे शेंबडं पोरही सांगेल. स्वतःचा काँग्रेसमन निवडायचं सोडून तुम्ही बर्नीशी खेळत बसणार? हलके घ्या.

मी डेमोक्रॅट, मला तिथे कुलकर्णींना मत द्यायचंय. श्री प्रेस्टन कुलकर्णी, २०१८ ला ओल्सनकडून पाचेक टक्क्यांनी पडले होते.

झणझणीत
१७ फेब्रुवारी

आडनाव बघून मत? 

गोदाकाठ
१७ फेब्रुवारी

आडनाव बघून दार उघडलं, बोलणं ऐकून मत. त्यांची पोरं दारोदार फिरून लोकांशी त्यांच्या त्यांच्या भाषेत बोलतात. माझ्या सासूबाईंशी दहा मिनिटं बोलणारा हा पहिलाच राजकीय पक्ष.

डेट्रॉइटचा_दत्तू
१७ फेब्रुवारी

आडनावावरून आठवलं. २०१८ ला आमच्या मिशिगनात गव्हर्नरच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत श्री ठाणेदार होते, आपले बेळगावचे. स्वतःचे पैसे ओतून जाहिराती, टीव्ही लावला की ठाणेदार. तिसरे आले, व्हिटमर जिंकली. मी व्हिटमरला दिलं आणि तसं मंडळाच्या पॉटलकला बोलून गेलो. एका काकूंनी मला वाढता वाढता पुरणपोळी परत पातेल्यात ठेवली. गंमत नाही करत. तेव्हापासून माझा नियम, प्रायमरीत मत देणं वेगळं आणि सांगणं वेगळं. कॉकस आमच्या समाजाला झेपणार नाही.

बाकी मिशिगन १० मार्चला. २०१६ ला इथे सगळे सर्व्हे हिलरीला वीसेक टक्क्यांनी पुढे दाखवत होते आणि बर्नी जिंकला. त्यामुळे 'कोण जिंकू शकतो' हे मला कुणी छातीठोकपणे सांगायला लागलं की मी चहा ठेवायला उठतो.

व्हेगसची_वैजू
२० फेब्रुवारी

कालचं डिबेट आमच्या गावात झालं. पाहिलं का कुणी? वॉरनने ब्लूमबर्गला पहिल्या काही मिनिटांतच असा धरला! आणि पुढे, ज्या बायकांकडून गप्प राहण्याचे करार करून घेतलेत त्यांना त्यातून मोकळं करता का, हो की नाही. तो आपला इकडे बघतोय तिकडे बघतोय. सायली, तुझ्या नवऱ्याची काय परिस्थिती?

सायली_फ्रीमाँट
२० फेब्रुवारी

नवरा उठून भांडी घासायला गेला, यावरून समजा. आता म्हणतो बायडन बघू. ब्लूमबर्गचे आमच्या मेलबॉक्समधले चकचकीत कागद मात्र थांबत नाहीत, रीसायकलचा डबा त्याच्यामुळेच भरतो.

नवीन पत्रिका आली, डेमोक्रॅटवाली. त्यावर वीस नावं आहेत! कमला हॅरिस डिसेंबरातच गेली म्हणून ती नाही, पण यांगसारखे गेलेले बरेच त्यावर आहेत. @कणीस, यादी केली. एक वॉरन, दोन क्लोबुशार, तीनला पेन थांबलं. तुम्ही म्हणालात तसंच.

तर्कटराव
२१ फेब्रुवारी

थोडं गणित, कारण 'मत पाण्यात' ते नेमकं कधी जातं हे कुणी सांगितलं नाही. कॅलिफोर्नियाचे ४१५ प्रतिनिधी. ते सगळे जिंकणाऱ्याला मिळत नाहीत, डेमोक्रॅट प्रमाणात वाटतात. पण त्यासाठी १५ टक्के पाहिजेत, आणि ते नुसते राज्यात नाही, प्रत्येक काँग्रेस मतदारसंघात वेगळे मोजतात. बहुतेक प्रतिनिधी मतदारसंघावरच ठरतात. म्हणजे तुमच्या उमेदवाराला तुमच्या भागात १६ टक्के असतील तर तुमचं मत जिवंत, मग तो राज्यात तिसरा का असेना. १३ टक्के असतील तर शून्य. त्यामुळे देशाचे सर्व्हे बघून उपयोग नाही. फ्रीमाँट, सनीव्हेल, क्यूपर्टिनो या पट्ट्यात शिकलेले लोक भरपूर, वॉरन तिथे पंधराच्या आसपास असू शकते. अशा काठावर तुमच्या एका मताला सगळ्यात जास्त किंमत. आघाडीवरच्याला दिलेलं जास्तीचं मत त्यापेक्षा फुकट.

बर्नीचा_बाब्या
२१ फेब्रुवारी

गणितं मांडा तुम्ही. मी साधा माणूस, छोटा धंदा, घरच्यांच्या इन्शुरन्सचा दरमहा हप्ता घराच्या हप्त्याला टक्कर देतो. जो माणूस सगळ्यांना मेडिकेअर म्हणतो त्याला मत. काँग्रेस पास करणार नाही, पैसा कुठून, सगळं ऐकून झालंय. प्रायमरीत मागायचं नाही तर कधी मागायचं? दुकानात जाऊन आपणच आधी भाव वाढवून सांगायचा का?

व्हेगसची_वैजू
२३ फेब्रुवारी

@बाब्या, अभिनंदन, काल इथे तुमचा बर्नी दणक्यात आला. आमच्याकडे हॉटेल कामगारांची कुलिनरी युनियन मोठी, त्यांचा स्वतःचा हेल्थ प्लॅन भांडून मिळवलेला, आणि बर्नी तो काढणार असं युनियनने पत्रकं वाटून सांगितलं होतं. तरी हॉटेलांतल्या कॉकसमध्ये त्याच कामगारांनी बर्नीला मतं दिली. पुढाऱ्यांनी सांगितलं आणि लोकांनी केलं असं आता कुठेच राहिलं नाही बहुतेक.

हरी_ह्यूस्टनकर
२४ फेब्रुवारी

आज मोटेरा बघितलं का? नमस्ते ट्रम्प! लाखाच्या वर माणूस. आणि तुमचा बर्नी काश्मीरवर काय बोलला होता ते पण आठवा जरा मत देताना.

बर्नीचा_बाब्या
२४ फेब्रुवारी

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

हरी_ह्यूस्टनकर
२४ फेब्रुवारी

प्रकाटाआ.

संपादक_मंडळ
२५ फेब्रुवारी

वरचे काही प्रतिसाद काढले आहेत. अहमदाबाद, काश्मीर आणि एकमेकांचे पूर्वज यासाठी वेगळे धागे आहेत. इथे प्रायमरीपुरतंच.

डेन्वरचा_नागपुरी
२६ फेब्रुवारी

काय राजेहो, भांडून राहिले तुम्ही! आमच्या कोलोराडोत बघा, बिनपक्षाच्या माणसाला दोन्ही पक्षांच्या पत्रिका घरी येतात. एक भरायची, दुसरी कचऱ्यात. दोन्ही पाठवल्या तर दोन्ही बाद. आमची बायको म्हणते एक तुम्ही भरा एक मी, एकाच पाकिटात टाकू, पोस्टाचा खर्च वाचल. तिला समजावता समजावता माझी संक्रांत झाली.

सिटीतली_सिंधू
२६ फेब्रुवारी

कोलोराडोचे लाड आहेत. न्यूयॉर्कात पक्षात नोंदणी नसेल तर प्रायमरीत मतच नाही. २०१६ ला पक्ष बदलायची मुदत आदल्या ऑक्टोबरात संपली होती आणि खुद्द इव्हान्का आणि एरिक ट्रम्पला बापाला मत देता आलं नाही. यंदा मुदत १४ फेब्रुवारीपर्यंत होती. ज्यांनी व्हॅलेंटाइनला पक्ष निवडला नाही त्यांनी २८ एप्रिलला घरी बसायचं.

पीटप्रेमी_सॅन_होजे
१ मार्च, रात्री

बुटिजजने माघार घेतली!!! माझं पाकीट तीन आठवड्यांपूर्वी गेलंय!!! परत मागता येतं का?

बंड्या_बे_एरिया
१ मार्च

नाही. पाकीट पोचलं की मत झालं. हातात पत्रिका असती तर चुकलेली परत देऊन दुसरी मिळाली असती. मोजतील तुझं मत, पीटच्या नावापुढे दिसेल.

झणझणीत
२ मार्च

आज क्लोबुशार पण गेली. दोघांनीही डॅलसला बायडनला पाठिंबा दिला. सायलीताईंची यादी: एक वॉरन, दोन कै., तीन रिकामं.

खडूस_काका
२ मार्च

घरी पत्रिका येते म्हणून आलेल्या दिवशी भरून टाकायची हा मध्यमवर्गीय संस्कार आहे. वीजबिल आहे का ते? साऊथ कॅरोलायनापर्यंत थांबायचं. बुधवारी तिथल्या काँग्रेसमन क्लायबर्नने एक वाक्य बोलून पाठिंबा दिला आणि शनिवारी बायडन निम्म्याच्या आसपास मतं घेऊन बसला. न्यू हॅम्पशायरात पाचवा आलेला माणूस! तिथल्या काळ्या मतदारांनी, विशेषतः वयस्कर बायकांनी, एका दिवसात सगळी रेस फिरवली. 'कोण जिंकू शकतो' हा हिशेब तुम्ही जेवणाच्या टेबलावर करता, त्यांनी पिढ्यानपिढ्या केलाय. गोरा शेजारी नोव्हेंबरात काय करेल हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार?

मक्याचं_कणीस
२ मार्च

काका, पटलं. पण मग पहिल्यांदा आम्ही का मत देतो, हा प्रश्न आम्हा आयोवावाल्यांना विचारायला हवा. आमचं राज्य जवळपास सगळं गोरं.

खडूस_काका
२ मार्च

विचारला. आता द्या तुमची जागा जर्सीला.

सायली_फ्रीमाँट
४ मार्च

काल टाकली. लायब्ररीबाहेरच्या पेटीत, नवऱ्याने आणि मी एकदमच. पाकिटावरची सही मतदार नोंदणीच्या सहीशी जुळवतात असं कळल्यामुळे मी शपथेच्या दिवशी केली होती तशी पूर्ण नावाची सही काढली, हात थरथरत होता म्हणून ती भलतीच दिसते.

वॉरनलाच दिलं. तर्कटरावांच्या पंधरा टक्क्यांचा विचार केला हे खरं, पण शेवटी मी तिचा पाळणाघरांचा प्लॅन काढून परत वाचला. घरटी उत्पन्नाच्या सात टक्क्यांपेक्षा जास्त पाळणाघराला जाऊ द्यायचे नाहीत, आणि तो खर्च पाच कोटी डॉलरच्या वर संपत्ती असणाऱ्यांवर दोन टक्के कर लावून. धाकट्याच्या डे-केअरचं बिल त्याच टेबलावर पडलं होतं. ती माझी दोन वर्षं कामावरून घरी बसण्याची किंमत आहे, त्यावर बोलणारं दुसरं कुणी मला दिसलं नाही. यादीतली तिसरी जागा आता बायडनला. त्याला नोव्हेंबरात देईन, कुरकुर न करता. नवऱ्याने काल दिलंच त्याला.

डेट्रॉइटचा_दत्तू
४ मार्च

छान. पण सांगायला नको होतं, पुरणपोळी जाईल.

झणझणीत
४ मार्च

ब्लूमबर्ग आज बाहेर. अर्धा अब्ज डॉलरच्या वर उडवले आणि जिंकलं काय, तर अमेरिकन समोआ. तिथेही दोन प्रतिनिधी तुलसी गॅबर्ड घेऊन गेली, तिचा जन्मच तिथला.

पीटप्रेमी_सॅन_होजे
४ मार्च

निदान त्याचे स्वतःचे पैसे गेले. माझं मत गेलं ते फुकटचं होतं.

बर्नीचा_बाब्या
४ मार्च

कॅलिफोर्निया आपल्याकडे आलं, पण चौदापैकी दहा राज्यं बायडनकडे. मॅसॅच्युसेट्समध्ये वॉरन स्वतःच्या घरी तिसरी. सायलीताई, राग नाही, पण ती आधीच बाजूला झाली असती तर?

सायली_फ्रीमाँट
५ मार्च

झाली ना आज बाजूला. आणि तिची सगळी मतं तुमच्याकडे आली असती असं कुठे लिहिलंय? माझं दुसरं क्लोबुशार होतं. बघा वर.

सिअ‍ॅटलचा_सदू
५ मार्च

धागा उशिरा पाहिला. आमची वॉशिंग्टन राज्याची १० मार्चला, सगळी पोस्टाने. पत्रिकेत तेराच्या तेरा डेमोक्रॅट आणि एकटा ट्रम्प आहेत, त्यातले आता दोन-तीनच शिल्लक. पाकिटावर बाहेरच्या बाजूला दोन चौकोन: मी स्वतःला डेमोक्रॅट मानतो, मी रिपब्लिकन आहे. एकावर खूण केल्याशिवाय मत मोजत नाहीत, आणि ती खूण पोस्टमनपासून सगळ्यांना दिसते. बाबा घाबरलेत, म्हणतात सरकारी कागदावर पक्ष कशाला लिहायचा, उद्या काही झालं तर? कुणाला मत दिलं ते दिसत नाही, पण कुठला पक्ष निवडला ते नोंदीत जातं, हे खरंय ना?

तर्कटराव
६ मार्च

खरंय, आणि प्रचारवाले ती यादी घेतात. काही होणार नाही, उन्हाळ्यात फोन जास्त येतील इतकंच. बाबांना सांगा, नाव टिपून घेतलं तर ते देणगी मागायलाच.

सिअ‍ॅटलचा_सदू
७ मार्च

पटवलं त्यांना. आता नवीनच अडचण. इथे कर्कलंडला करोनाचं काय चाललंय ते तुम्ही वाचत असाल, तर निवडणूक खात्याने सांगितलंय की मतपत्रिकेचं पाकीट जिभेने ओलं करून चिकटवू नका, स्पंज वापरा. बाबांनी सकाळीच आमची चारही पाकिटं चाटून बंद करून ठेवली होती.

चकली_वाकडी
७ मार्च

कुठल्या चौकोनावर खूण केलीये ते बघून चाटली का?

सिअ‍ॅटलचा_सदू
७ मार्च

खूण करायचीच राहिलीये. आहे ना बाहेरच्या बाजूला, पेन शोधतोय.